पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे निरपेक्ष दान

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन कलश चढत असताना ज्या थोर स्त्रीचे स्मरण प्रथम व्हावे, ती म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. जीर्णोद्धार म्हटले की मराठी माणसाच्या तोंडी त्यांचे नाव येतेच. त्यांनी कोठे कोठे देवळे व घाट बांधले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्यांनी दिले कसे, हे त्याहून अधिक शिकण्यासारखे आहे. ते सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या लहानशा गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या मुलीला आपली सून करून घेतले आणि पुढे तिच्यावर कारभाराची मोठमोठी कामे विश्वासाने सोपविली. परंतु सुख त्यांच्या वाट्याला फार आले नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून मागे फिरविले. १७६६ साली ते स्वतःही गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. अशा स्थितीत या माउलीने राज्याचा भार उचलला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली व नर्मदाकाठी महेश्वरी राहून अखेरपर्यंत कारभार पाहिला.

होळकरांच्या घरी दोन निरनिराळी खाती होती. एक दौलतीचे, म्हणजे राज्याचे, आणि दुसरे खासगीचे. ही खासगी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना मिळालेली होती. ती पुढे अहिल्यादेवींकडे आली. हे द्रव्य सर्वस्वी त्यांचे होते. त्याचे दागिने घडविले असते किंवा वाडे उठविले असते, तरी कोणी जाब विचारला नसता. त्यांनी मात्र त्यावर तुळशीपत्र ठेवून ते देवाला अर्पण केले, असे सांगतात. धर्मकार्याचा खर्च प्रामुख्याने या खासगीतून होई. कचेरीत जन्म घालविणाऱ्या माझ्यासारख्यास ही गोष्ट फार मोठी वाटते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ असतात. आपल्या स्वतःच्या पेटीवर ते ठेवणारा विरळा.

आता हे दान कोठे गेले ते पाहावे. १७८० साली काशीस विश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले. १७८३ साली सोमनाथास जुन्या भग्न मंदिराजवळ नवे मंदिर झाले. १७८७ साली गयेस विष्णुपद मंदिर झाले. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांच्याच हातून झाला. यांतील काशी, गया, सोमनाथ ही क्षेत्रे होळकरांच्या मुलखात नव्हती. तेथून एक पैचा वसूल यायचा नव्हता, की लढाईत एक शिपाई मिळायचा नव्हता. नुसते बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजाअर्चा व अन्नछत्र पुढे चालावे म्हणून त्यांनी नेमणुका लावून दिल्या. दूरदूरच्या देवस्थानांस गंगाजलाच्या कावडी पोहोचविण्याचीही व्यवस्था केली.

माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी माळव्यात फिरून जुन्या माणसांकडून माहिती गोळा केली व १८२३ साली ग्रंथरूपाने छापली. त्यात लहान लहान गोष्टी आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर माणसे नेमलेली असत. महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेले बैल थांबवून बाईंचे नोकर त्यांना पाणी पाजीत. शेतकरी पिकावरून पाखरांना हाकलतात, म्हणून काही उभी शेते विकत घेऊन त्या पाखरांसाठी मोकळी ठेवीत. बैल काय आभार मानणार? पाखरू काय कीर्ती गाणार? निरपेक्ष दान म्हणतात ते हेच.

आणखी एक हकीकत त्याच ग्रंथात आहे. एका विद्वानाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. आपण एक दुबळी, पापी स्त्री असून एवढ्या स्तुतीस पात्र नाही, असे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याची आज्ञा केली. बक्षिसाच्या आशेने आलेल्या ग्रंथकर्त्याची पुढे काही दखलही घेतली नाही. मागणाऱ्यास भरभरून देणाऱ्या बाईंनी स्तुतीला मात्र काही दिले नाही.

उतारवयात नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले. १७९१ साली मुलगी मुक्ताबाई आईची विनवणी न ऐकता सती गेली. ज्यांच्यासाठी ठेवावे असे पोटचे कोणी उरले नाही. तरी देणे आटले नाही. सारा समाज हाच त्यांचा संसार झाला होता आणि समाधान त्यांना या देण्यातच मिळत असावे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला.

ग्रामस्थ बंधु-भगिनींनो, आपल्या कामातही नावांच्या फरशीवरून थोडी कुरबुर झाली. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, किती रकमेला अक्षर केवढे, यात दोन बैठका गेल्या. देणगीदारांची यादी या स्मरणिकेत आहे व ती असलीच पाहिजे, कारण हिशेब चोख हवा. पण ती यादी म्हणजे हिशेब आहे, मोबदला नव्हे. ज्या माउलींनी पाट्या वाहिल्या, ज्यांनी आपल्या बैलगाडीने वाळू आणून दिली, ज्यांनी पेटीत दुमडलेली नोट टाकून नाव सांगितले नाही, त्यांची नावे यादीत नाहीत. सभामंडपाची सावली मात्र सर्वांवर सारखीच पडणार आहे.

जीर्णोद्धार हे काम मुळातच नाव विसरण्याचे आहे. पहिले देऊळ कोणी बांधले हे आपणास ठाऊक नाही. त्या अज्ञात हातांचे काम आपण पुढे नेले. शेदीडशे वर्षांनी कोणी आपले काम पुढे नेईल. तोवर देवळाला नाव देवाचेच राहील. काही न मागता दिल्याचा आनंद आपणा सर्व दात्यांना लाभो, हीच ग्रामदैवताचरणी प्रार्थना.