वाल्डेमार हाफकिन

महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या खेड्यांच्या वेशीबाहेर मरीआईचे लहानसे देऊळ असते. मग ते गाव कोकणातले असो, की बालाघाटाच्या बाजूचे, केजच्या परिसरातले असो. पूर्वी पटकीची साथ आली, की गावकरी मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडीत. पटकी म्हणजेच कॉलरा. रोग्याला सारख्या उलट्या व जुलाब होत, अंगातील पाणी आटून जाई, हातपाय गार पडत; आणि सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस पुष्कळदा दुसरा दिवस पाहत नसे. पंढरीच्या यात्रेत साथ उद्भवली, तर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव पोचे. देवीला साकडे घालण्यावाचून लोकांना दुसरा उपायच ठाऊक नव्हता. अशा काळात एक परदेशी शास्त्रज्ञ या रोगावरील लस घेऊन आपल्या देशात आला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या शहरी झाला. हे शहर त्या वेळी रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. हाफकिन यांचे घराणे ज्यू. त्या काळी रशियात ज्यू लोकांचा फार छळ होई. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरे लुटली जात. असाच एक हल्ला झाला असता तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी पुढे सरसावले आणि जखमी झाले. विद्यार्थिदशेत झारच्या जुलमी राजवटीविरुद्धच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला. त्यासाठी त्यांना अटकही सोसावी लागली. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ नावाचे थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. शिक्षण उत्तम झाले; पण धर्मांतर केल्याशिवाय विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळेना. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही. जागेचा मोह सोडला आणि पुढे १८८८ साली देशही सोडला.

स्वित्झर्लंडमध्ये काही काळ काढून ते १८८९ मध्ये पॅरिसला आले. तेथे लुई पाश्चर यांची जगप्रसिद्ध संस्था होती. पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढून एका मुलाचे प्राण वाचविले होते. गुरू मेचनिकॉफ हेही तेथेच काम करीत होते. पण संस्थेत जागा होती ती केवळ ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा ते पुस्तके सांभाळीत आणि फावल्या वेळी प्रयोगशाळेत जाऊन जंतूंचा अभ्यास करीत.

पटकीचा जंतू कोणता हे तोवर कळून चुकले होते. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने ईजिप्तमध्ये आणि नंतर १८८४ साली कलकत्त्यात संशोधन करून तो दाखवून दिला होता. हा जंतू रोग्याच्या मलातून विहिरीत, तळ्यात, नदीत उतरतो आणि त्या पाण्यावाटे निरोगी माणसाच्या पोटात शिरतो. हाफकिन यांनी विचार केला, की दुर्बळ केलेले जंतू शरीरात सोडले, तर शरीर त्यांच्याशी झुंजावयास शिकेल आणि पुढे खरा शत्रू चालून आला असता सज्ज राहील. म्हणून त्यांनी दोन प्रकारची लस तयार केली. पहिल्या लशीतील जंतू दुर्बळ केलेले असत. काही दिवसांनी टोचावयाच्या दुसऱ्या लशीतील जंतू बलवान असत. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. पण प्राण्याला जे मानवते ते माणसाला मानवेलच, असे कोणी सांगावे?

हा प्रश्न हाफकिन यांनी दुसऱ्या कोणाच्या जिवावर सोडविला नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली. थोड्या दिवसांत हे सारे ओसरले. मग त्यांनी दुसरी लसही टोचून घेतली. आपणांस काही अपाय होत नाही, अशी खात्री पटल्यावर त्यांच्या काही मित्रांनीही ती घेतली.

आता ही लस जेथे पटकीचे ठाणे होते, तेथे नेणे प्राप्त होते. म्हणून १८९३ साली हाफकिन हिंदुस्थानात आले. येथे त्यांच्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली. परका माणूस, हातात सुई, आणि ती सुई निरोगी माणसाला टोचावयाची! लोकांना ते कसे रुचावे? एका वस्तीत लोकांनी दगड मारून त्यांचे स्वागत केले, तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष आपल्याच अंगात सुई टोचवून घेऊन लोकांचे भय घालविले, अशी हकीकत सांगतात. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत हिंदी डॉक्टर त्यांच्या खांद्याला खांदा लावून हिंडले. १८९४ मध्ये तेथील एका वस्तीत साथ उद्भवली. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर जे आजारी पडले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी निघाले. लोकांचा विश्वास बसू लागला. आग्र्यापासून आसामपर्यंत फिरून हाफकिन यांनी दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली. कोणावरही त्यांनी सक्ती केली नाही.

इतक्यात मुंबईवर दुसरे संकट कोसळले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. पुढे हीच साथ पुण्यात पसरली असता रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला, हे तुम्हांस ठाऊकच आहे. हाफकिन यांना मुंबईस बोलावण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि काही शिपाई एवढ्या साहित्यावर त्यांनी रात्रंदिवस काम आरंभिले. मांसाच्या रसावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले आणि मग उष्णतेने ते मारून टाकले. येथील लोकांच्या भावना जाणून त्यांनी गाय आणि डुक्कर यांचे मांस कटाक्षाने वर्ज्य केले. सुमारे तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीप्रमाणे पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली. ती गुणकारी ठरली. आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली व आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

यश आणि कीर्ती अशी हाती आली असतानाच हाफकिन यांच्यावर घोर आपत्ती ओढवली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सारा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजेच हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने हजारोंचे प्राण वाचविले, त्याच्याकडे लोक संशयाने पाहू लागले. परंतु खरी गोष्ट वेगळी होती. खेड्यात ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण जाणतोच. हाफकिन खचले नाहीत. त्यांनी आपली बाजू पुराव्यानिशी मांडली. मलेरियाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञ १९०७ साली जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर त्यांच्यावरील कलंक धुऊन निघाला. पण त्यात आयुष्यातील पाच मोलाची वर्षे गेली होती.

मनात कडवटपणा न धरता हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले. या वेळी त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. जुने अधिकार त्यांना परत मिळाले नाहीत. तरी निवृत्तीपर्यंत त्यांनी संशोधन चालू ठेवले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, तेव्हा त्यांना मोठे समाधान वाटले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाखांवर मात्रा बाहेर पाठविण्यात आल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

पोटात शिरणाऱ्या रोगांशी माणसाचे युद्ध पुढेही चालूच राहिले. जंतूंहूनही कितीतरी सूक्ष्म असे विषाणू असतात. पोलिओचा विषाणू तोंडावाटे आतड्यात शिरून तेथे वाढतो, तर रोटा नावाचा विषाणू तान्ह्या मुलांना भयंकर जुलाब लावतो. हाफकिन यांनी आपल्या लशी तयार केल्या, तेव्हा हे विषाणू कोणी ओळखले नव्हते. पण त्यांच्याशी लढण्याची रीत तीच, लशीची. त्यांचे नाव धारण करणाऱ्या मुंबईच्या शासकीय संस्थेने पोलिओच्या लशीचे अगणित डोस पुरविले, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज केज तालुक्यातील आरोग्य केंद्रात एखादी माता आपल्या बाळाला लशीचे थेंब पाजून घेते, तेव्हा तिला भय वाटत नाही. हा विश्वास एका दिवसात निर्माण झालेला नाही. लोकांना सुई टोचण्यापूर्वी ती स्वतःला टोचून घेणाऱ्या आणि अन्याय सोसूनही सेवा न सोडणाऱ्या माणसांनी तो मिळविला आहे. हाफकिन हे त्यांतले एक अग्रणी होत.