बालसंगोपनाला विद्येचा दर्जा देणाऱ्या ताराबाई मोडक

लहान मुले सांभाळण्यासाठी वेगळे शिक्षण कशाला हवे, असा समज रूढ असलेल्या काळात ताराबाई मोडक यांनी त्या कामाला शास्त्राचे अधिष्ठान दिले. १८९२ मध्ये प्रार्थना समाजाच्या संस्कारांतील केळकर कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. परंतु ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने व माती यांनाच शिक्षणसाधने बनवले. अनुताई वाघ यांची साथ त्यांना तेथेच लाभली. मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. बालवाडी चालवणाऱ्या सेविकांना बालविकासाचे रीतसर प्रशिक्षण मिळू लागले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या वारली पाड्यांत स्थिरावले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचवली. तरीही अंगणवाडी सेविकेच्या हाती आजही वेतन नव्हे, मानधनच पडते. ताराबाईंनी ज्या कामाला विद्येचा दर्जा दिला, त्याला व्यवसायाचा पूर्ण मान मिळणे अद्याप बाकी आहे.