सुभेदारांच्या घरातला सांजपाठ आणि आपल्या घरातली वंदना



वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत संध्याकाळी फेरफटका मारला की काही घरांतून वंदनेचे सूर कानावर येतात. बऱ्याच घरांतून मात्र टीव्ही आणि मोबाईलचाच आवाज येतो. वर्षावासात ग्रंथवाचनाला गर्दी होते, पण अश्विन पौर्णिमा उलटली की घरची वंदना पुन्हा आजी-आजोबांवर येऊन पडते. आमच्यातलेच काही तरुण कार्यकर्ते विचारतात की, बाबासाहेबांनी आपल्याला देवपूजा सोडायला लावली, मग रोज पाली गाथा म्हणणे हेही कर्मकांडच नाही का? प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले आणि घरात रोज म्हटला जाणारा पाठ ही एकच गोष्ट त्यात शोधत गेलो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. ते रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेत त्यांनी शिक्षक म्हणून काम केले होते आणि घराणे कबीरपंथी होते. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना साताऱ्यात आई गेली. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. पोरके झालेले हे घर ज्या काही गोष्टींनी एकत्र बांधून ठेवले, त्यात रामजींचा रोजचा पाठ होता. संतांचे अभंग आणि कबीराची पदे घरात नित्य म्हटली जात. संध्याकाळच्या पाठाला प्रत्येक मुलाने हजर राहिलेच पाहिजे, असा सुभेदारांचा शिरस्ता होता. बहिणी गात तेव्हा घरातले वातावरण बदलून जाई, ही आठवण बाबासाहेबांच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

शाळेत पाण्याला शिवायची बंदी, बसायला घरून नेलेले गोणपाट. दिवसभर असा अपमान सोसून आलेल्या मुलाला संध्याकाळी घरात सगळ्यांबरोबर मानाची जागा मिळत होती, त्याचा आवाज ऐकला जात होता. मानसिक आरोग्य हा शब्द त्या काळी कुणी वापरत नव्हते. पण सुभेदार लेकरांचे मन जपत होते, असे आम्हाला वाटते.

रामजी मुलांकडून रामायण-महाभारतही मोठ्याने वाचून घेत. इथे भीमरावांचा वडिलांशी खटका उडाला. हे ग्रंथ आपण का वाचायचे, ज्यांत आपल्याला खालचे स्थान दिले आहे, असा त्यांचा सवाल होता. रामजींचे म्हणणे असे की, द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांच्याकडे पाहून मुलांच्या मनातला न्यूनगंड जावा. मुलाला ते पटले नाही. तो घरात राहिला, पाठालाही बसला, पण प्रश्न सोडला नाही. रोज पाठ करणाऱ्या घरात प्रश्न विचारणारा मुलगा वाढू शकतो, हे आपल्यासारख्या पालकांनी आणि तरुणांनी ध्यानात घ्यावे.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत एका खोलीत आले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. घरातल्या ग्रंथांनी जे प्रश्न निर्माण केले होते, त्यांना इथून वेगळी वाट सापडली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. पण त्यांचा पाठ मुलाच्या लेखणीत उतरला होता. १९२० च्या मूकनायकाच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, १९२७ च्या बहिष्कृत भारतावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. कबीराला तर त्यांनी बुद्ध आणि फुले यांच्याबरोबर आपल्या तीन गुरूंमध्ये बसवले.

याच बाबासाहेबांनी माता रमाईंची पंढरपूरला जाण्याची इच्छा मात्र मान्य केली नाही. ज्या देवळात आपल्या माणसांना दूर उभे राहावे लागते, तिथे जायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. माणसाला कमी लेखणारा विधी त्यांनी नाकारला. मन घडवणारी नित्याची शिस्त त्यांनी कधी टाकली नाही. कर्मकांडाचा प्रश्न विचारणाऱ्या मित्रांनी हा फरक पाहावा.

धम्माकडे वळताना त्यांनी उपासनेचाही अभ्यास केला. मे १९५० मध्ये ते श्रीलंकेत कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा तिथल्या लोकांच्या जगण्यात धम्म कितपत जिवंत आहे आणि त्यांचे विधी कसे आहेत, हे त्यांना पाहायचे होते. १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी माईसाहेबांसह त्रिशरण-पंचशील घेतले आणि नंतर लाखोंच्या समुदायाला स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्याच वर्षी त्यांनी तयार केलेली बौद्ध पूजा पाठ ही पुस्तिका निघाली. तिच्यात पाली पाठासोबत मराठी अर्थ आहे. पालीचे व्याकरण आणि शब्दकोशही त्यांनी हाती घेतला होता. ही सगळी सामग्री आज त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात वाचायला मिळते. अर्थ न कळता ओठ हलवणारा समाज त्यांना नको होता, हे यावरून उघड दिसते.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या घरात बाबासाहेब थकलेले होते. स्वीय सहायक नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत असताना ते हलक्या आवाजात त्रिशरण गुणगुणू लागले. मग त्यांनी बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावायला सांगितली. थोड्या वेळाने कबीराचे पदही त्यांच्या ओठी आले. साताऱ्याच्या घरात वडिलांकडून ऐकलेला कबीर आणि स्वतः शोधून घेतलेला बुद्ध, दोघेही शेवटच्या रात्री सोबत होते. त्यानंतर त्यांनी आपल्या बुद्ध-ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ घेतले. पहाटेपूर्वी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

७ डिसेंबरला दादरला अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखभर लोकांना धम्मदीक्षा दिली. वर्धेकरांना हे नाव परके नाही. राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम करताना भदंतजी अनेक वर्षे आपल्या वर्ध्यातच होते, आणि बाबासाहेबांचा बुद्ध-ग्रंथ हिंदीत आणला तोही त्यांनीच.

आता विज्ञानाचेही थोडे ऐकू. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. २३ निरोगी माणसांनी लॅटिन प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हटला, तेव्हा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. अभ्यास लहान आहे, त्यामुळे वंदनेने आजार बरे होतात असे कुणी सांगू नये. औषध डॉक्टरांचेच घ्यावे. पण लयीत पाठ म्हटल्यावर जीव शांत होतो, या आपल्या आजींच्या अनुभवाला त्यात आधार आहे.

म्हणून आमचे सिंदी मेघेतल्या आणि सगळीकडच्या तरुणांना सांगणे एवढेच आहे. रोज जेवणाआधी पंधरा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवा. त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी मिळून म्हणा. घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून एका गाथेचा मराठी अर्थ वाचून घ्या. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे एक पान वाचा. आणि मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. सुभेदारांच्या घरातला तो मुलगाही असेच प्रश्न विचारत होता.

भवतु सब्ब मंगलम्!