हरिभाऊंचा आठवडा : 'करमणूक'कर्त्याच्या लेखनशिस्तीचा एक विचार

हरि नारायण आपटे यांच्या चरित्रात अपयशाची नोंद फार लवकर येते. पुढील काळात त्यांच्या नावाभोवती जे आदराचे वलय निर्माण झाले त्यामुळे ही नोंद बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. वस्तुतः त्यांच्या लेखकपणाची घडण समजून घ्यावयाची तर आरंभ तिथूनच करावा लागतो.

८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे त्यांचा जन्म झाला. आई बालपणीच गेली. प्रारंभीचे शिक्षण मुंबईत झाले आणि पुढे कुटुंब पुण्यास आले. १८८० मध्ये निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या सहवासात विद्यार्थिदशा घालविण्याचे भाग्य ज्या थोड्या मुलांना लाभले त्यांत हरिभाऊ होते. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य रचले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे रूपांतर प्रसिद्ध केल्यावर त्यावर विस्तृत आणि परखड परीक्षण लिहिण्याचे धाडसही त्यांनीच केले. गुरूच्या ग्रंथाचे दोष दाखविणारा हा तरुण बुद्धीने किंवा व्यासंगाने कमी होता असे कोण म्हणेल? तरीही महाविद्यालयात तो अडखळला. गणित हा विषय त्यास कधीच वश झाला नाही आणि पदवी न घेताच त्याला शिक्षण सोडावे लागले.

ज्या पिढीत बी. ए. ही अक्षरे म्हणजे प्रतिष्ठेचा परवाना होता त्या पिढीत हा आघात लहान नव्हता. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हरिभाऊंचे वाचन अफाट होते. स्कॉटपासून रेनॉल्ड्सपर्यंत इंग्रजी कादंबरीचा मोठा प्रदेश त्यांनी पालथा घातला होता आणि संस्कृत काव्यनाटकांतही ते रमलेले होते. मात्र या वाचनाला अभ्यासक्रमाची चौकट मानवत नव्हती. आवडीच्या विषयात मनुष्य स्वतःला विसरतो आणि नावडीच्या विषयाकडे पाठ फिरवतो, ही प्रवृत्ती कलावंताच्या ठिकाणी नवीन नाही, आणि तिने कित्येक कलावंतांचा घातही केला आहे. हरिभाऊंचा तसा घात होण्याची चिन्हे आरंभी स्पष्ट दिसत होती.

पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्सचे ऋण होते, पण पुण्याच्या पांढरपेशा समाजाचे निरीक्षण त्यांचे स्वतःचे होते. तिच्यानंतर 'गणपतराव' हाती घेतली गेली आणि ती अपुरी राहिली. सामाजिक कादंबरीची वाट सापडलेली आहे, विषय समोर आहे, भाषा अनुकूल आहे, तरी दुसऱ्याच पावलाला कृती पुरी होत नाही. परीक्षेतील अपुरेपणाचेच हे साहित्यातील रूप होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह थोडा आवरावा हे बरे, कारण त्या काळी नियतकालिकांतून येणाऱ्या कादंबऱ्यांचे भवितव्य केवळ लेखकाच्या हाती नसे. तथापि पूर्ण करण्याचे बळ हरिभाऊंच्या अंगी उपजत नव्हते, ते त्यांना बाहेरून मिळवावे लागले, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

ते बळ त्यांनी १८९० मध्ये स्वतःच निर्माण केले. त्या वर्षी 'करमणूक' हे साप्ताहिक निघाले. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या वादांनी तापलेल्या वातावरणात घरातील स्त्रीपुरुषांना मनोरंजनातून काही बोध व्हावा या हेतूने काढलेले हे पत्र गोष्टी, चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती अशा नाना प्रकारच्या मजकुराने भरलेले असे. वाङ्मयेतिहासात 'करमणूक'चे महत्त्व सहसा स्फुट गोष्टीच्या जन्मस्थानामुळे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु हरिभाऊंच्या दृष्टीने पाहिल्यास ते साप्ताहिक म्हणजे स्वतःस घालून घेतलेले बंधन होते. संपादक तेच आणि मुख्य लेखकही तेच. स्फूर्ती येवो वा न येवो, ठरल्या वारी अंक निघालाच पाहिजे आणि त्यात कादंबरीचे पुढील प्रकरण असलेच पाहिजे. गणिताच्या पुस्तकाकडे पाठ फिरविता आली, वाट पाहणाऱ्या वाचकाकडे ती फिरविणे शक्य नव्हते.

या बंधनाचे फळ विलक्षण आहे. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली. यमुनेने स्वतःच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी आठवड्याआठवड्याने लिहिली गेली हे विसरून चालणार नाही. एका विधवेच्या स्मृतीतून उलगडणारे माहेर, सासर, पतीचा सहवास आणि पुढील दुर्दशा यांना जी संथ, दैनंदिन लय लाभली आहे ती सलग बैठकीत कल्पिलेल्या रचनेत कितपत आली असती, याची शंका वाटते. तिच्या पाठोपाठ 'मी' (१८९३–९५) आली आणि मग 'उषःकाल' (१८९५–९७). शतकाच्या अखेरच्या वर्षांत तर 'जग हे असे आहे' आणि 'केवळ स्वराज्यासाठी' या दोन भिन्न जातींच्या कादंबऱ्या एकाच वेळी चाललेल्या दिसतात. एका टेबलावर समकालीन पुणे आणि शिवकाल एकत्र नांदत होते. पदवी न मिळविलेला मनुष्य सुमारे २७ वर्षे हे पत्र चालवितो, वर्षाला ५२ या हिशेबाने ही संख्या १४०० च्या घरात जाते, ही गोष्ट प्रतिभेइतकीच सवयीच्या बाजूने बोलणारी आहे.

सवयीने घेतलेला मोबदलाही तेवढाच मोठा आहे. हरिभाऊंच्या पाल्हाळाविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. वाचकाशी मध्येच बोलत बसणारा निवेदक, लांबलेले संवाद, एकाच प्रसंगाची पुनरावृत्ती हे दोष नाकारण्याजोगे नाहीत. परंतु त्यांचा उगम केवळ अभिरुचीत शोधणे पुरेसे नाही. पुढील अंक समोर उभा असताना मागील प्रकरण पुन्हा घासूनपुसून घेण्यास अवकाश कोठून मिळणार? ज्या शिस्तीने लिहिणे घडविले तीच शिस्त पुनर्लेखनाच्या आड आली. यमुनेच्या कथनात पाल्हाळ हा स्वभावधर्म ठरतो, ऐतिहासिक कादंबरीत मात्र तोच कथानकाच्या गळ्यात लोढणे बनतो. हा भेद दृष्टीआड करून सरसकट बचाव किंवा सरसकट निषेध करणारी समीक्षा हरिभाऊंना न्याय देत नाही.

आणखी एक बाब अधिक बोचणारी आहे. आठवड्याची शिस्त आरंभाची आणि सातत्याची हमी देते, शेवटाची देत नाही. 'आजच' (१९०४–०६) अपुरी राहिली. 'गणपतराव' थांबली तेव्हा हाताशी स्वतःचे पत्र नव्हते, ही सबब आता उरली नव्हती. या सुमारास हरिभाऊंचे आयुष्य अनेक वाटांनी वाटले गेले होते. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. पुणे नगरपालिकेच्या कामात ते गुंतले आणि तिचे अध्यक्षही झाले. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ही कामे त्यांनी निष्ठेने केली, पण कादंबरीकाराच्या वेळेतून ती वजा होत गेली हेही खरे. जुन्या अडखळण्याने येथे कर्तव्याचे वस्त्र पांघरले होते असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल. विजयनगरच्या विनाशावरील 'वज्राघात' (१९१३–१५) याच उत्तरकाळात लिहून झाली, ही वस्तुस्थिती त्या विधानाला मुरड घालते. सामर्थ्य आटले नव्हते.

'वज्राघात'च्या जोडीनेच 'कर्मयोग' सुरू झालेली होती. १९१७ मध्ये 'करमणूक' बंद पडले आणि 'कर्मयोग' जिथे होती तिथे थांबली. बाहेरचा तगादा संपताच आतले लेखनही संपावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पंचविसाहून अधिक वर्षे ज्या आधारावर हात चालला तो निघाल्यावर तीच कथा स्वस्थपणे, स्वतःच्या गतीने पुरी करणे त्यांना साधले नाही.

त्याच १९१७ मध्ये मात्र एक काम हरिभाऊंनी पुरे केले. १९०५ मध्ये निवर्तलेल्या केशवसुतांच्या कविता हयातीत पुस्तकरूपाने आल्या नव्हत्या. त्यांतील काही 'करमणूक'मधूनच वाचकांसमोर आल्या होत्या. इतस्ततः विखुरलेल्या या रचना एकत्र करून त्यांचा संग्रह हरिभाऊंनी प्रसिद्ध केला. आधुनिक मराठी कवितेचा अभ्यास पुढे ज्या पायावर उभा राहिला तो पाया असा घातला गेला. पुढे त्यांना फार अवधी मिळाला नाही. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे होण्यास पाच दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. लहानमोठ्या मिळून एकवीस कादंबऱ्या, स्फुट गोष्टी, नाटके आणि 'करमणूक'च्या जीर्ण फाइली एवढा संसार त्यांच्या मागे राहिला. 'कर्मयोग' अपुरीच राहिली.