मोठ्या मुलांचा नाताळ आणि संत जॉन बॉस्को



आगमनकाळ सुरू झाला की गरजू मुलांसाठी भेटवस्तू जमू लागतात. बाहुल्या, छोट्या मोटारी, रंगपेट्या, चॉकलेटे भराभर येतात. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मात्र फारसे काही येत नाही. त्यांना काय द्यावे हे आपल्याला कळत नाही, आणि एवढ्या मोठ्या मुलांना भेट कशाला, असेही मनात येते. ज्यांनी सारे आयुष्य याच वयाच्या मुलांना दिले, त्या संत जॉन बॉस्कोंची ओळख या निमित्ताने करून घेऊ या.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत, शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील वारले. आई मार्गारीटाने शेती सांभाळून मुले वाढवली. जॉनला शिकायचे होते, पण थोरल्या सावत्र भावाला ते पसंत नव्हते. घरातली भांडणे थांबावीत म्हणून आईने बाराव्या वर्षी त्याला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. पुढे तो चौदा वर्षांचा असताना फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याची हुशारी हेरली. त्यांनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले, पण वर्षभरातच त्यांचे निधन झाले. त्यानंतर कधी शिंप्याकडे, कधी कॉफीच्या दुकानात काम करीत जॉनने शाळा पुरी केली.

ऑक्टोबर १८३५ मध्ये वीस वर्षांचा जॉन सेमिनरीत जायला निघाला तेव्हा झगा शिवायलाही पैसे नव्हते. गाव पुढे आले. एकाने झगा दिला, दुसऱ्याने टोपी दिली, कुणी मोजे दिले, कुणी बुटांची सोय केली. त्या दिवशी त्या तरुणाला नेमके जे हवे होते, तेच गावाने दिले. चांगली भेट कशी असते हे जॉनने आधी घेणाऱ्याच्या जागेवरून अनुभवले.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते तुरीन शहरात आले. कारखाने आणि बांधकामे वाढत होती. खेड्यांतून आलेली पोरे गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत, धुराडी साफ करीत. काम नसले की रस्त्यावर, आणि तिथून काही जण तुरुंगात. तुरुंगात जाऊन भेटल्यावर डॉन बॉस्कोंच्या ध्यानात आले की सुटल्यावर ज्याला कुणी आपला माणूस नसतो, तो पुन्हा तिथेच येतो.

८ डिसेंबर १८४१ चा प्रसंग त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्या दिवशी निष्कलंक मातेचा सण होता. सॅक्रिस्टीत सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याला मिस्सेची सेवा करता येईना म्हणून सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. मुलगा अनाथ होता, गवंडीकाम करीत होता, लिहिता-वाचता येत नव्हते. धर्मशिक्षणाला तो जात नव्हता, कारण लहान मुलांना सगळी उत्तरे यायची आणि एवढ्या मोठ्या मुलाला त्यांच्यात बसायची लाज वाटायची. डॉन बॉस्कोंनी त्याला रागावले नाही. शिटी वाजवता येते का, असे विचारले. मुलगा हसला, आणि शिकवणी तिथेच सुरू झाली. मोठ्या मुलाची पहिली गरज वस्तूची नसते. आपल्याला कुणी लहान लेखू नये, ही असते.

पुढे वाल्दोक्को भागात डॉन बॉस्कोंना जागा मिळाली. नोव्हेंबर १८४६ मध्ये वयस्क आई मार्गारीटा त्यांच्या मदतीला आली. जपून ठेवलेले लग्नातले कपडे आणि दागिनाही तिने या मुलांसाठी खर्ची घातला. सुरुवातीला काही पोरांना रात्री आसरा दिला, तर ती पांघरुणे घेऊन पळाली! तरीही मे १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक पंधरा वर्षांचा पोरका मुलगा दाराशी आला तेव्हा मायलेकांनी विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण घातले. त्या एका अंथरुणातून पुढे मोठे वसतिगृह उभे राहिले.

मुलांना जेवण मिळाले, पण उद्याचे काय? डॉन बॉस्को कामाच्या जागी जाऊन मालकांना भेटत. १८५१ पासून ते शिकाऊ मुलांसाठी मालकांशी लेखी करार करू लागले. धंदा नीट शिकवावा, वयाला झेपेल तेच काम द्यावे, मारू नये, रविवारी आणि सणाला सुट्टी द्यावी, अशा अटी त्यांत असत. १८५३ मध्ये त्यांनी स्वतःच चपला-बूट आणि शिवणकामाचे वर्ग काढले. मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. रात्री वाचन आणि हिशेब शिकवला जाई. याच्या जोडीला खेळ, गाणी आणि सहलीही होत्या. उपयोगाचे दिले म्हणून आनंदाचे द्यायचे नाही, असे त्यांनी कधी केले नाही.

२४ जून १८५५ रोजी, त्यांच्या नावाच्या सणाला, त्यांनी मुलांना सांगितले की प्रत्येकाने आपल्याला हवी असलेली भेट चिठ्ठीवर लिहावी. काहींनी गमतीच्या गोष्टी मागितल्या. तेरा वर्षांच्या डॉमिनिक साव्हियोने मात्र संत होण्यासाठी मदत मागितली. तो पुढे खरोखर संत झाला. न विचारता भेट दिली असती तर त्या मुलाच्या मनात काय आहे हे कुणाला कळले असते?

ही मुले केवळ घेणारी नव्हती. १८४९ मध्ये पोप नववे पायस रोमबाहेर आश्रयाला असताना या गरीब मुलांनी पै-पै जमवून त्यांना ३३ लिरा पाठवले. १८५४ मध्ये तुरीनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा मोठी मुले रुग्णांच्या शुश्रूषेला धावली. मोठ्या मुलाला आपणही कुणाच्या उपयोगी पडावे असे वाटते. ती संधी देणे हीसुद्धा भेटच.

३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्कोंचे निधन झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान रविवारी, त्यांना संतपद मिळाले. त्यांचे सालेशियन बंधू १९०६ मध्ये तंजावरला आले. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा तर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे.

यंदा मोठ्या मुलासाठी भेट घेण्याआधी त्याला किंवा त्याच्या आईला विचारा. मापाचे बूट, परीक्षेची फी, शिवणयंत्र, आयटीआयसाठी लागणारी अवजारे, चष्मा, बसचा पास किंवा चांगला फुटबॉल, यांतले काय हवे ते तेच सांगतील. जुनेपाने, आपल्याला नको झालेले देऊ नका. सर्वांसमोर नाव पुकारून देऊ नका. शक्य असेल तर भेट आईवडिलांच्या हातून द्या. फी जूनमध्ये भरायची असेल तर जूनपर्यंत लक्षात ठेवा.

आपण गव्हाणीत बाळ येशू ठेवतो. पण ते बाळ वाढले, चौदा वर्षांचे झाले, सोळा वर्षांचे झाले, आणि नाझरेथला योसेफाच्या हाताखाली सुतारकाम शिकले. त्या वयाच्या येशूलाही आपल्या नाताळात जागा असू द्या.