जयभीम देणारे बाबू हरदास : धैर्य हेच नेतृत्व

आम्ही राळेगावातले तरुण दिवसातून कितीदा तरी जयभीम म्हणतो. वस्तीत म्हणतो, बसस्थानकावर म्हणतो, मोबाइलवर म्हणतो. पण हा शब्द अभिवादन म्हणून रुजवला कुणी, असे विचारले की आमच्यातले अनेक जण गप्प होतात. तो माणूस आपल्याच विदर्भातला होता. बाबू हरदास एल. एन., म्हणजेच हरदास लक्ष्मणराव नगराळे.

६ जानेवारी १९०४ रोजी कामठी येथे त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कारकून होते. मुलगा मॅट्रिक झाला. त्या काळी अस्पृश्य समाजातल्या मॅट्रिक मुलाने नोकरी धरून घर सावरले असते, तरी कुणी नाव ठेवले नसते. हरदासांनी मात्र ऐन विशीत समाजकार्य पत्करले. कामठीत रात्रशाळा चालवल्या, वाचनालय उघडले, महिलांसाठी आश्रम काढला. विडी कामगारांची मजुरी ठेकेदार बुडवत होते, म्हणून त्या कामगारांची संघटना बांधली. लोक त्यांच्या शब्दावर उभे राहिले, ते या कामामुळे.

त्या काळी आपल्या माणसाला दुसऱ्यापुढे वाकून जोहार घालावा लागे. हरदासांनी आपसांत भेटताना जयभीम म्हणण्याची प्रथा रुजवली. जोहार घालताना मान खाली जायची, जयभीम म्हणताना ती ताठ राहते. एका माणसाचे धैर्य असे रोजच्या बोलण्यातून हजारोंच्या अंगात उतरले.

खरी कसोटी पुढे लागली. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण, हा वाद पेटला. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेच आमचे नेते, अशा तारा ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांना पाठवण्यात हरदासांनी पुढाकार घेतला. १९३२ मध्ये राजा-मुंजे करार झाला. त्यात स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडून संयुक्त मतदारसंघ मान्य केला होता. विदर्भातले ज्येष्ठ नेते गणेश आकाजी गवई त्या कराराच्या बाजूने गेले. तरीही मे १९३२ मध्ये कामठीला अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, तिचे स्वागताध्यक्ष हरदास होते आणि परिषद बाबासाहेबांच्या भूमिकेमागे ठाम उभी राहिली. हरदास तेव्हा २८ वर्षांचे होते. विरोधकाशी भांडायला धैर्य लागतेच, पण आपल्याच वडीलधाऱ्यांना आदर राखून नाही म्हणायला ते अधिक लागते.

१९३७ च्या निवडणुकीत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेवर निवडून आले. राळेगावही तेव्हा त्याच प्रांतात होते. माघार घ्यावी म्हणून त्यांना पैशांचे आमिष दाखवले, जिवाची धमकीही दिली, पण ते बधले नाहीत, असे चळवळीतले जुने लोक सांगत आले आहेत. पुढे क्षयाने त्यांना गाठले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले. कन्हान नदीकाठी त्यांची समाधी आहे. १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही, पण त्या दिवशी दीक्षाभूमीवर घुमलेला जयभीम त्यांनीच रुजवलेला होता.

आज आम्हाला हरदासांची आठवण येते ती आमची अवस्था पाहून. जयंतीच्या मिरवणुकीत आमचा आवाज सर्वांत मोठा असतो. ग्रामसभेत वस्तीच्या निधीचा हिशेब मागायची वेळ आली की तोच आवाज बसतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट आले तर परत करणारे हात थोडे असतात. आपलाच नेता चुकला तर त्याला तोंडावर सांगणारे त्याहून थोडे.

म्हणून युवकांनो, धैर्य म्हणजे नुसता चढा आवाज नव्हे. आधी लोकांचे काम करावे, मग प्रसंगी एकट्याने उभे राहावे, आणि आमिष आले तर हात मागे घ्यावा. राळेगाव तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीत एक अभ्यासिका चालली आणि प्रत्येक ग्रामसभेत आपला एक तरुण निर्भयपणे प्रश्न विचारू लागला, तर ते बाबू हरदासांना खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!