मुक्या जिवांचा कैवारी : श्रीसंत गाडगेबाबा

मुके जनावर वारकऱ्याला परके नाही. श्रीज्ञानोबारायांनी पैठणास रेड्याच्या मुखाने वेद वदविले, आणि त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे भाविक आजही पूजितात. नामदेवराय भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. नाथमहाराजांनी काशीहून आणलेले गंगेचे पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. या कथा आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो, डोळ्यांना पदर लावतो आणि घरी जातो. घरी गेल्यावर गोठ्यातल्या थकल्या बैलाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र दारातच उभा असतो. या प्रश्नाला हाती खराटा घेऊन उत्तर देणारा एक महापुरुष आपल्या वाडवडिलांनी याचि डोळां पाहिला. श्रीसंत गाडगेबाबा हे त्यांचे नाव. बाबांचे चरित्र मोठे आहे. त्यातील भूतदयेचा एवढा एकच धागा धरून आज आपण त्यांच्या चरणांपाशी बसू या.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. पाळण्यातले नाव डेबू. वडील झिंगराजी जाणोरकर, आई सखुबाई. त्या काळी त्या समाजात लग्न असो, बारसे असो की देवाचा नवस असो, बोकड पडे आणि दारू चाले. देवाच्या नावाने सुरू झालेला प्याला झिंगराजींच्या हातून पुढे सुटला नाही. घरची शेतीवाडी गेली, शरीर गेले, आणि १८८४ साली झिंगराजीही गेले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. सखुबाई पोराला पोटाशी धरून मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी माहेरी आली. देवापुढे वाहिलेल्या त्या रक्ताचा आणि त्या प्याल्याचा शेवट काय होतो, हे या पोराने पुस्तकात वाचले नाही, आपल्या घरातच पाहिले. पुढे आयुष्यभर तो ज्याच्याशी झुंजला, त्याची ओळख त्याला अशी लहानपणीच झाली.

दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूच्या हाती गुरे आली. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. सकाळी गुरे रानात न्यायची, ओढ्यावर धुवायची, गोठा झाडायचा, शेणगोटा करायचा, आणि संध्याकाळी भजनात जाऊन बसायचे, असा त्याचा दिवस. मोठा झाल्यावर तो नांगर धरू लागला. बैलाच्या अंगावरून हात फिरवला की त्याला कुठं दुखतं ते कळावं, असा हा गुराखी आणि असा हा शेतकरी. याच शेतापायी मामा सावकाराच्या कागदात अडकले आणि त्या धसक्याने गेले. कर्जाने माणूस कसा मोडतो आणि माणूस मोडला की दावणीचे जनावर कसे उपाशी मरते, हे डेबूने तेथे जवळून पाहिले. म्हणूनच पुढे कीर्तनात ते कर्ज काढू नका म्हणून सांगत, तेव्हा त्यांच्या शब्दाला अनुभवाचे बळ असे.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. पुढे मुलगी झाली आणि बारशाचा दिवस आला. भाऊबंद जमले. रिवाजाप्रमाणे बोकड कापला जाणार, बाटल्या येणार, असे सर्वांनी धरलेच होते. डेबूजींनी पंगतीला वाढले ते गोडधोड जेवण! मंडळी रागावली. जातीचा रिवाज मोडला म्हणून कुरबूर झाली. तरुण गृहस्थाला चार भाऊबंदांत राहायचे असते, पुढे सोयरिकी करायच्या असतात, त्यामुळे अशा वेळी पाऊल मागे घ्यावेसे वाटते. डेबूजी मागे सरले नाहीत. लेकीच्या जन्माच्या आनंदासाठी दुसऱ्याचे लेकरू का मारायचे, हा त्यांचा साधा हिशेब होता. गाडगेबाबांच्या भूतदयेचा पहिला जाहीर कार्यक्रम पाहायचा असेल तर तो हाच. त्यात भाषण झाले नाही, वर्गणी निघाली नाही. एका घरची एक पंगत बदलली आणि एक बोकड वाचला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच ते जेवत, त्यातच पाणी पीत. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांनी मठ केला नाही, कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा नेम. या नेमातील क्रम वारकऱ्याने लक्षात घेण्याजोगा आहे. आधी हात चालत, मग मुख चाले.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. काठ चिखलाचा आणि निसरडा, त्यामुळे माणसांचे व जनावरांचे फार हाल होत. बाबांनी तेथे खराटा चालविला, टोपली उचलली, आणि एक वेडा राबतो आहे असे पाहून आलेले लोकही राबू लागले. १९०८ साली तेथे नदीला घाट झाला. यात्रेला जमलेला समुदाय ही बाबांच्या लेखी केवढी तरी शक्ती होती. एरवी ती शक्ती जिलब्या खाऊन घरी जाते. बाबांनी तिला कामाला लावले.

त्यांची कीर्तने ज्यांनी ऐकली ते सांगत, की बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि हजारो मुखांनी एकदम उत्तर येई. जत्रेतल्या नवसाच्या बोकडाचा विषय निघाला, की ते विचारीत, हे जग कोणी केलं? लोक म्हणत, देवानं. मग हे बोकड कोणाचं लेकरू? लोक म्हणत, देवाचंच. मग बाप आपल्या लेकराचं रक्त मागेल का? एवढे झाले की सभा चूप होई. शास्त्रार्थ नाही, शिवी नाही. ऐकणाऱ्याच्या तोंडूनच उत्तर काढून घेतल्यामुळे ते उत्तर त्याला नाकारता येत नसे. १९३१ साली वरवंडे येथे बाबांच्या अशाच प्रबोधनाने पशुहत्या बंद झाली. कायद्याच्या बडग्याने जे सहज होत नाही, ते एका फाटक्या माणसाच्या प्रेमळ बोलण्याने झाले.

परंतु बोकड वाचला म्हणजे काम संपत नाही. मारले नाही तरी उपाशी ठेवले, तर जनावर मरतेच, फक्त हळूहळू मरते. गाय भाकड झाली, बैलाचे खांदे गेले, दुष्काळात कडबा संपला, म्हणजे शेतकरी काय करील? त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याच्या घरी पोरे उपाशी असतात. बाबा स्वतः शेतकरी होते, त्यांना हे ठाऊक होते. म्हणून उपदेशाबरोबर त्यांनी आसरा उभा केला. १९२५ साली मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य केले, आणि तेथेच धर्मशाळा व विद्यालयही बांधले. ज्या तालुक्यात आठ वर्षांच्या डेबूने मामाची गुरे राखली, त्याच तालुक्यात गाईगुरांसाठी हे काम उभे राहिले. गुराख्याने आपले ऋण असे फेडले.

गोरक्षण म्हणजे काय काम असते, हे शहरातल्या माणसाला चटकन उमजत नाही. तीनशे किलो वजनाच्या एका गाईला दिवसाला सात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. पाणी तीस-चाळीस लिटर, आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. शेण रोज उचलावे लागते, नाही तर खुरांना जखमा होतात, माश्या बसतात, रोग पसरतो. लाळ-खुरकुताची लस वेळेवर टोचावी लागते. एकादशीला गाय जेवते, अमावास्येलाही जेवते. तिला सुटी नाही, म्हणून तिची सेवा करणाऱ्यालाही सुटी नाही. एका धनिकाच्या देणगीने गोठा बांधला जाईल, पण रोजचे शेण देणगीने उचलले जात नाही. त्याला हात लागतात. बाबांचे मोठेपण याच ठिकाणी आहे. त्यांनी लोकांकडून पैसा घेतला तसा घामही घेतला. आलेल्या पैशाला स्वतःच्या संसारासाठी हात लावला नाही. संस्था उभी केली, तिचा कारभार पंचांच्या हवाली केला आणि आपण खराटा घेऊन पुढच्या गावाला निघाले.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानी धरली पाहिजे. गाईला नैवेद्य दाखवायचा आणि माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, असली भूतदया बाबांना ठाऊक नव्हती. पंढरपुरास त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली ती ज्यांना दुसरीकडे कोठेच थारा नव्हता त्या वारकऱ्यांसाठी, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९३२ साली नाशकात सदावर्त सुरू केले. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. बाबांच्या शिकवणीची जी दहा सूत्रे सर्वत्र सांगितली जातात, त्यांत भुकेल्याला अन्न आहे, तहानेल्याला पाणी आहे, उघड्याला वस्त्र आहे, गरिबाच्या मुलाला शिक्षण आहे, आणि त्याच ओळीत पशुपक्ष्यांना, मुक्या प्राण्यांना अभय आहे. दोहोंना एकाच पंगतीला बसविले. माणूस आधी की जनावर आधी, हा वाद त्यांनी घातलाच नाही. ज्याला तोंड असून बोलता येत नाही तो आपला, एवढेच त्यांनी मानले. मग ते मुके ढोर असो की दबलेला माणूस असो.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, मोटारीतच बाबांनी देह ठेवला. वय ऐंशी वर्षांचे होते. जन्मभर चालणारा हा माणूस चालत्या वाटेवरच गेला. अमरावतीस त्यांची समाधी आहे. समाधीला हार घालावाच, पण हार घालून त्यांचे ऋण फिटत नाही.

तर वारकरी बंधुभगिनींनो, आपण काय करावे? फार दूर जायला नको. आषाढीच्या वाटेवर माउलींचा रथ बैल ओढतात. दिवे घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, हे आपण दरवर्षी पाहतो. तेथे टाळ्या वाजवताना त्या बैलांच्या तोंडचा फेसही पाहावा. मुक्कामी माणसांच्या टँकरशेजारी जनावरांसाठी एक डोण भरलेली असावी. पंगत उठल्यावर उष्टे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नये. गाय ते पिशवीसकट गिळते, ती पिशवी तिच्या पोटात राहते आणि गाय तडफडून मरते. आपण अन्नदान करून पुण्य जोडले म्हणावे आणि मागे गोहत्या ठेवून जावे, याला काय म्हणावे?

गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. काल्याच्या दिवशी उरलेली बुंदी, पुरणपोळी, भाताचे ढीग आपण मोठ्या भक्तीने जवळच्या गोशाळेत नेऊन ओततो. भाव चांगला, पण त्याने गाईचे पोट फुगते, आंबते, कधी कधी ती दगावते. तिला पक्वान्न नको, कडबा हवा. सप्ताहाच्या वर्गणीतून एक गाडी कडब्याची बाजूला काढावी. सात दिवसांतील एक सकाळ, काकडा झाल्यावर, सगळ्या टाळकऱ्यांनी गोशाळेत जावे, शेण उचलावे, हौद घासावा, गोठ्याचे गळके छप्पर शाकारावे. मुलांना बरोबर न्यावे. पखवाज वाजविणाऱ्या हातांना शेण लागले म्हणून बोल काही बिघडत नाहीत. आणि गावातल्या ज्या गरिबाने नाइलाजाने आपला बैल गोशाळेत आणून सोडला, त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये. त्याने कसायाचा दोर नाकारला, हीच त्याची भक्ती.

बाबांच्या एका पंगतीने एक बोकड वाचला होता. आपल्या हजारो पंगती आहेत. एकेका पंगतीमागे एक मुका जीव जरी पोटभर जेवला, तरी पंढरीचा राणा कटीवरचे हात सोडून आपल्या दिंडीच्या वाटेकडे पाहील.

रामकृष्णहरी.